पहिल्या गाडीचा गाळ

कोणाच्या घराला देवळातल्या पहिल्या विड्याचा मान असतो, कोणाच्या घराला रथाच्या दोराला आधी हात लावायचा. आमच्या घराला मान होता तो चिखलाचा. हसू नका. ओरत्तनाडूजवळच्या आमच्या गावात उन्हाळ्यात तळं आटलं की तळातला गाळ खणून शेतांत टाकतात, आणि त्यातली पहिली गाडी आमच्या शेतात जाते. तंजावूरच्या मराठ्यांच्या राज्यात आमच्या कोणा पूर्वजाने म्हणे फुटलेला बांध बांधून घेतला होता. खरं-खोटं त्या तळ्याला ठाऊक. पण गाव सगळं तमिळ, त्यात मराठी घर आमचं एकच, आणि तरी दर उन्हाळ्यात अख्खं गाव आमच्या एका मराठी शब्दासाठी खोळंबून उभं राहायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

शब्द होता ‘चला’. गाडी भरली, कापूर लावला, नारळ फुटला, की आमच्या घरातलं मोठं माणूस बैलांच्या जुवावर हात ठेवून ‘चला’ म्हणणार. मग गाडी हलणार. ती हलेपर्यंत दुसऱ्या कोणी फावडं उचलायचं नाही. त्या शब्दाचा अर्थ काय, तो कुठल्या भाषेतला, हे गावातल्या निम्म्या लोकांना माहीत नसावं. त्यांच्या लेखी तो गाळाचा शब्द होता, एवढंच.

माझ्या वेळी ते मोठं माणूस म्हणजे माझी आत्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला, ती माहेरी परतली आणि शेतात उतरली ती उतरलीच. माझे वडील तिचे धाकटे भाऊ. सरकारी नोकरीपायी ते तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत राहिले आणि शेती तिच्यावर सोडून मोकळे झाले. आत्या बोलायची ती आमची जुनी मराठी, ‘कुठे’ला ‘कोठे’ म्हणणारी, आणि सूर सगळा तमिळ. तिचा राग गावाला माहीत होता. तोच राग माझ्या वाट्याला आला आहे, असं माझी आई म्हणायची, आणि हे कौतुकाने म्हणायची नाही.

आत्याच्या शेतात एक लहानसा तुकडा होता, विहिरीजवळचा. तिथे ती भाताची रोपं करायची. बाकी सगळं शेत कसंही असो, तो तुकडा तळहातासारखा राखलेला. पहिली गाडी नेहमी तिथेच रिकामी व्हायची. आमच्याकडची जमीन हलकी, रेताड. तिला गाळ म्हणजे जेवण. आणि पहिल्या गाडीचा गाळ कालव्याचं पाणी तळ्यात शिरतं त्या मुखापाशी खणायचा, कारण तिथे तो सगळ्यात काळा, सगळ्यात मऊ. मानाच्या गाडीला मानाची माती. मग त्या तुकड्यातली रोपं सगळ्या शेतात लावायची. रोप बिघडलं की वर्ष बिघडलं. म्हणून आत्याचा जीव त्या तुकड्यात होता. मला ती ‘तू शिकलेली’ म्हणून टोमणे मारायची, पण त्या तुकड्यात चप्पल घालून गेले की टोमण्यावर भागायचं नाही.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं ती. घरांवर डिशच्या छत्र्या आल्या, ओरत्तनाडूच्या बसस्टँडला एसटीडीचा पिवळा बूथ आला, आणि कालव्याच्या काठाला, तळ्याच्या वरच्या अंगाला, एक पत्र्याची शेड आली. तिथे नळाच्या तोट्या, दारांच्या मुठी, खुर्च्यांचे पाय यांना चकचकीत मुलामा द्यायचे. मालक बाहेरगावचा, तरुण, मृदू बोलणारा. आत्याला भेटला की वाकून ‘अम्मा’ म्हणायचा. गावातली मुलं तिथे कामाला लागली आणि बूट घालून जाऊ लागली. त्यांच्या आयांना किती बरं वाटलं असेल. शेडच्या भिंतीखालून एक पाइप कालव्यात सोडलेला होता आणि त्यातून हिरवट पाणी यायचं. ते सगळ्यांना दिसत होतं. मलाही दिसलं होतं. पण पाणी काय, वाहून जातं, असंच सगळ्यांनी धरलं.

पहिल्या वर्षी रोपं थोडी फिकट वाटली. आत्याने पुढच्या उन्हाळ्यात एकीच्या जागी दोन गाड्या गाळ टाकला. त्या पावसाळ्यात रोपं आणखी पिवळी. मग तिने आणखी टाकला. रोप अशक्त दिसलं की गाळ, हेच तिने आयुष्यभर पाहिलेलं. तिचंही काही चुकलं नाही म्हणा. आजारी पोराला आपण पेज देतो, आणि पेजेतच काही असेल असं कोणाच्या मनात येतं?

तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी सुट्टीला गेले, तेव्हा आधी तो तुकडा पाहायला गेले. रोपं वीतभर होऊन थांबलेली, पानांवर पिवळ्या रेघा. एक उपटून पाहिलं तर मुळं आखूड, तपकिरी, जळल्यासारखी. आत्या बांधावर उकिडवी बसली होती. नेहमी आम्ही दोघी भेटलो की पहिल्या पाच मिनिटांत कशावरून तरी जुंपायची. त्या दिवशी जुंपली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी तंजावूरला मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायचे. परत जाताना दुधाच्या पावडरीच्या डब्यात त्या तुकड्याची माती घेतली, दुसऱ्या डब्यात नारळाच्या बागेतली, जिथे कधी गाळ गेला नव्हता. मुली घरी गेल्यावर प्रयोगशाळेत बसले. मुलाम्याचं काम म्हणजे निकल, एवढं मला कळत होतं. आणि निकल ओळखायची परीक्षा तर मी दर वर्षी पोरींकडून घोकून घ्यायचे. माती आम्लात भिजवायची, गाळायची, लोखंडाने घोटाळा करू नये म्हणून सायट्रिक आम्ल, मग नाकाला झोंबेपर्यंत अमोनिया, आणि शेवटी एका औषधाचे थेंब, ज्याचं नाव घेताना पोरींची बोबडी वळायची. निकल असेल तर लाल. नसेल तर काही नाही.

बागेतली माती तशीच राहिली. रोपांच्या तुकड्यातली माती कुंकवाच्या पाण्यासारखी लाल झाली.

पुढच्या रविवारी पहिल्या बसने मी गावी.

“आत्या, तुझ्या मातीत निकल आहे.”

“ते काय असतं गे?”

“धातू असतो. शेडमध्ये नळांना लावतात तो.”

“मी भात पेरलें. नळ नाही पेरले.”

मी तिला समजावलं. शेडचं पाणी कालव्यात येतं, कालव्याचं पाणी तळ्यात शिरतं, शिरताना मुखापाशी संथ होतं आणि बरोबर आणलेलं सगळं तिथे खाली टाकतं. तिथला गाळ खणून आपण मानाने तुझ्या तुकड्यात आणतो. जितका जास्त टाकशील तितकं विष वाढेल. ती ऐकत होती. मग तिने शांतपणे विचारलं, “म्हणजे गाळ वाईट आहे म्हणतेस?”

“मुखापाशीचा वाईट आहे.”

“तो आपल्या घरचा मान आहे.”

“मान घाल चुलीत,” मी म्हटलं. नको ते बोलले. ती उठली, माझ्यासमोरचं ताट उचललं आणि मला म्हणाली, तुझी बस चुकेल.

त्या बसमध्ये मी इतकी रागावले होते की शेजारची बाई सरकून बसली. राग आत्यावर नव्हता. तिचा काही दोष नसताना तिचा तुकडा मरत होता, आणि तिला वाचवायचं तर आधी तिच्याशीच भांडावं लागणार होतं, याचा होता. पुढचे काही महिने मी हात धुऊन मागे लागले. शेडच्या मालकाला भेटले. त्याने चहा दिला, सगळे परवाने आहेत म्हणाला, आणि अम्मांची तब्येत कशी आहे विचारलं. एका कचेरीत गेले. तिथला माणूस बाटलीत पाणी भरून घेऊन गेला आणि त्या बाटलीचं पुढे काय झालं हे मला आजतागायत कळलेलं नाही. एका शेती शिकवणाऱ्या वयस्क प्राध्यापकांनी मात्र नीट ऐकून घेतलं. वरचा थर खरवडून काढा, चुना द्या, शेणखत द्या, तो गाळ पुन्हा टाकू नका, दोनतीन वर्षांत तुकडा सुधारेल, असं त्यांनी सांगितलं. मला तर नाचावंसं वाटलं. तुकडा वाचणार होता.

मी ते आत्याला जाऊन सांगितलं. ती भांडण विसरली नव्हती, पण ऐकलं. मग म्हणाली, “खरवडून काढली ती माती कोठे टाकायची?”

“शेडवाल्याच्या दारात.”

“आणि पाऊस आला की तेथून कोठे जाईल?”

शेड कालव्याच्या काठालाच. मी आवाज चढवला. “ते त्याचं तो बघून घेईल.”

“होय,” ती म्हणाली. “आतापर्यंत बघितलाच की.”

त्यानंतर ती या विषयावर बोलली नाही. गाळाचा दिवस ठरला तसा माझा जीव टांगणीला लागला. धरणाचं पाणी कालव्याला सुटायच्या आत गाळ उरकायला हवा असतो, म्हणून तो दिवस पुढे ढकलता येत नाही. आत्या काय करणार? पहिली गाडी घेऊन पुन्हा त्या तुकड्यात ओतणार? मी विचारलं तर सांगणार नव्हती. आमच्या विभागाच्या बाईंना विचारून मी एका पिशवीत काचेच्या नळ्या, आम्लाची बाटली, अमोनिया, ते बोबडी वळवणारं औषध असं सगळं घेतलं. कशासाठी, ते मलाही नक्की ठाऊक नव्हतं. रिकाम्या हाताने जाववेना, एवढंच. आदल्या संध्याकाळी पोचले तेव्हा आत्याने पिशवीकडे पाहिलं, बाटल्यांचा आवाज ऐकला, आणि जेवायला वाढलं.

सकाळी तळ्यात सगळं गाव जमलं होतं. तळ भेगाळलेला, ऊन आत्ताच चटके देणारं. एव्हाना गावात गाळ ट्रॅक्टरने न्यायचे. बांधाखाली ट्रॅक्टरांची रांग लागली होती, इंजिनं चालू. मानाची गाडी मात्र अजून बैलांचीच. शिंगांना रंग, कपाळाला हळद. मुखापाशी खणून गाडी भरली. काय गाळ होता तो. काळा, ओलसर, लोण्यासारखा. तो पाहून कोणालाही वाटलं असतं, हा माझ्या शेतात पडावा. पुजाऱ्याने कापूर फिरवला, नारळ फोडला. आत्या पुढे आली, जुवावर हात ठेवला. गाडीवाल्याने कासरा घट्ट धरला.

आत्या बोलली नाही.

लोकांना वाटलं, म्हातारीला धाप लागली असेल. थांबले. ती तशीच उभी. गाडीवाल्याने वळून पाहिलं. एका ट्रॅक्टरचं इंजिन बंद पडलं, मग दुसऱ्याचं कोणीतरी बंद केलं, आणि हळूहळू सगळं तळं गप्प झालं. पंचायतीचे अध्यक्ष पुढे झाले. “रायर अम्मा, सांगा ना. ऊन चढतंय.” आम्हां मराठी लोकांना तिकडे रायर म्हणतात.

“आधी ही मुलगी काहीतरी दाखवणार आहे,” आत्या तमिळमध्ये म्हणाली. मग माझ्याकडे न बघता मराठीत, “दाखव गे.”

मला आधी सांगायचं तरी. वर्गात साठ पोरींसमोर मी डोळे मिटून ही परीक्षा करते, पण तिथे बाटलीचं बूच निघेना. मी बांधावर पदर पसरून नळ्या मांडल्या. आधी तळ्याच्या पलीकडच्या काठाची माती आणवली, आम्ल घातलं, मुरू दिलं. लोक कुजबुजायला लागले. कोणीतरी म्हणालं, रायर घरची लेक सोडावॉटर विकणार आहे. हशा झाला. मी मुकाट्याने गाळलं, अमोनिया घातला, थेंब टाकले. काही झालं नाही. “बघा, काही झालं नाही,” मी म्हटलं, तर आणखी हशा. “काही होऊ नये हेच बरं असतं,” मी ओरडले. मग मानाच्या गाडीतला मूठभर गाळ घेतला. तेच सगळं पुन्हा. या वेळी कोणी हसलं नाही, पुढचे लोक वाकून बघत होते. थेंब पडले आणि नळी लाल झाली. त्या तुकड्यातल्या मातीपेक्षा कितीतरी लाल.

मी सांगितलं ते असं. हे शेडच्या पाण्यातलं आहे, हेच आत्याच्या रोपांना जाळतं आहे, आणि हा गाळ जिथे जाईल तिथे हेच होईल.

“रंग टाकलास,” एक जण म्हणाला. त्याला मी नळी हातात दिली आणि म्हटलं, घे, तूच कर पुन्हा. तो मागे सरला. मग शेजारच्या शेताचा मालक पुढे आला. त्याचा मुलगा शेडमध्ये होता. तो चांगला माणूस होता, पण त्या दिवशी त्याचं तोंड सुटलं. “पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यात चांगली माती तुम्ही नेलीत. आम्ही उरलंसुरलं नेलं. आज ती नासली, तर आमच्या पोरांच्या पोटावर पाय? आणि आम्हांला गाळाशिवाय कोरडंच घरी पाठवणार?” त्याच्यामागून आणखी आवाज उठले. कोणी म्हणालं, हिचा मानच काढून घ्या. कोणी ट्रॅक्टर चालू केला. मला वाटलं, आता इथे काही तरी होणार. मी आत्याचा दंड धरला. तो दगडासारखा घट्ट होता.

“खरं आहे तुमचं,” आत्या त्याला म्हणाली. “तुम्ही उरलेलं नेलंत, म्हणून तुमची रोपं हिरवी आहेत. माझी बघायला या.”

गावातल्या सगळ्यांनीच तिची पिवळी रोपं पाहिली होती. लोक आपापसांत बोलू लागले, आणि थोड्या वेळाने अध्यक्षांनी ठरवलं की सगळ्यांनी पलीकडच्या काठाकडून खणावं. मुखापाशी हात लावू नये. शेडचा मालकही तोवर मोटारसायकलवर आला होता. पाण्यासाठी खड्डा काढतो, कालव्यात सोडणार नाही, असं तो सगळ्यांसमोर बोलला. माझा त्याच्यावर विश्वास नव्हता, पण बोलला. मला वाटलं, संपलं. आता तुकडा खरवडू, चुना देऊ. मी नळ्या धुवायला घेतल्या.

“मुखापाशीच्या गाळाचं काय?” आत्या म्हणाली.

कोणी याचा विचारच केला नव्हता. तो तसाच ठेवला तर पाणी सुटल्यावर तळंभर पसरणार आणि पुढच्या वर्षी सगळ्यांच्या नळ्या लाल होणार. अध्यक्ष म्हणाले, सरकारी पडीक जमिनीवर टाकू. तिथे शेळ्या चरतात, एक बाई म्हणाली. मालक म्हणाला, माझ्या अंगणात टाका. अंगण कालव्याला लागून. मग एका ट्रॅक्टरवाल्याने सुचवलं की रस्त्याच्या बाजूला प्लॉट पाडतायत, त्यांना भरावाला माती हवीच आहे, काळी बघून खूष होतील. यावर बऱ्याच माना डोलल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परसात भाजी लावतील ती माणसं, मी म्हटलं, पोरं खेळतील त्या मातीत. “ती आपल्या गावची नव्हेत,” तो म्हणाला. सहज म्हणाला, वाईट मनाने नाही. मला त्याचाच जास्त राग आला.

आत्याने जुवावरचा हात अजून काढला नव्हता. “पहिली गाडी कोणाची?” तिने विचारलं.

“तुमची, अम्मा. त्यात काय?”

“मुखापाशीचा सगळा गाळ पहिल्या गाडीचा. तो माझ्या रोपांच्या तुकड्यात जाईल. तुकडा नासलाच आहे.”

मी वेडीच झाले. “आत्या, अगे, तो वाचतोय. मी सांगितलं ना, दोनतीन वर्षं, चुना...”

“आणि तोवर हा गाळ कोठे ठेवायचा? तुझ्या कॉलेजात?”

“तुला एकटीलाच का? सगळ्या गावाने...”

“सगळ्या गावाने काय? थोडा थोडा खायचा?” मग तिचा आवाज खाली आला. ती असं कधी माझ्याशी बोललेली मला आठवत नाही. “पोरी, तो तुकडा मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मला रडवू नको येथे, या सगळ्यांसमोर. मान घ्यायचा तो चांगल्या दिवसापुरताच काय?”

आणि ती म्हणाली, “चला.”

गाडी हलली. सबंध दिवस ती गाडी, आणि मागून दोन ट्रॅक्टर, मुखापाशीचा गाळ खणून खणून त्या तुकड्यात टाकत होते. आत्या विहिरीच्या कट्ट्यावर बसून होती. संध्याकाळपर्यंत तिथे छातीइतका ढीग झाला. मग भोवती चिकणमातीचा जाड बांध घातला, विहिरीच्या बाजूने तर दुप्पट जाड, वर माती, वर चुना. विहिरीचं पाणी पुढे दर दोनतीन महिन्यांनी मी तपासायचे. ज्या जागेत तिने कोणाला चप्पल घालून पाऊल टाकू दिलं नाही, तिथे ट्रॅक्टरची चाकं फिरली. मी त्या दिवशी जेवले नाही. आत्या जेवली. मला म्हणाली, उपाशी राहून माती सुधारत असती तर मीच राहिले असते.

रोपं करायला आता तिला जागा नव्हती. आषाढात तो शेजारचा शेतकरी आला, ज्याने तळ्यात आरडाओरडा केला होता. विहिरीपलीकडची त्याची एक पट्टी होती. “तिथे करा तुमची रोपं,” म्हणाला आणि उभा राहिला. आत्याने आभार मानले नाहीत. पट्टी बघून आली आणि म्हणाली, वरच्या बाजूला दगड फार आहेत, ते काढून दे. त्याने काढून दिले. त्या वर्षी तिची रोपं दुसऱ्याच्या मातीत हिरवीगार आली. ती रोज सकाळी बांधावर जाऊन बसायची. एकदा मी मागून गेले तर ती रडत होती. मी परत फिरले. तिने मला शेजारी बसून रडूही दिलं नसतं.

शेडच्या मालकाने खड्डा काढला, तो पाझरायचा, त्यावरून पंचायतीत भांडणं झाली, आणि एक दिवस शेडला कुलूप. गावातल्या मुलांचं काम गेलं. त्यांच्या आया आत्याशी बऱ्याच दिवस बोलत नव्हत्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. शेड दुसरीकडे कुठेतरी गेली म्हणे. कुठल्या कालव्याच्या काठी, देव जाणे.

काही वर्षांनी आत्या गेली. वडील थकले होते, त्यामुळे शेत माझ्याकडे आलं. पहिल्याच महिन्यात एक लेआउटवाला दारात हजर. गावाच्या बाहेर त्याने प्लॉट पाडले होते, वेशीवर रंगीत झेंडे लावले होते. त्याने विहिरीजवळचा ढीग हेरला होता. वर गवत माजलं होतं, पण कडेला खरवडलं की काळी माती दिसायची. “फुकट पडून आहे मॅडम, मी उचलून नेतो, तुमची जागा मोकळी होईल,” म्हणाला. जागा मोकळी. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो गाडीत बसेपर्यंत बोलत होते. मग ढिगाभोवतीचा बांध फिरून पाहिला. एके ठिकाणी उंदराने पोखरला होता, तो स्वतः चिखलाने लिंपला.

त्या उन्हाळ्यात तळ्यातून बोलावणं आलं. मानाची गाडी पलीकडच्या काठावर भरलेली होती. आत्याच्या काळापासून एक नवी रीत पडली आहे. नारळाच्या आधी नळी. सगळे गप्प उभे राहतात आणि थेंब पडल्यावर नळीकडे बघतात. नळी तशीच पांढरट राहिली. पुजाऱ्याने नारळ फोडला. गाडीवाल्याने विचारलं, “अम्मा, कुठे रिकामी करायची?” मी शेजाऱ्याच्या पट्टीकडे बोट केलं. बांधावर तो म्हातारा उभा होता, त्याने मान खाली घातली.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी जुवावर हात ठेवला. लाकूड एका जागी हाताने झिजून गुळगुळीत झालं होतं. हात सरकवून मी तिथे टेकवला, आणि कोणी घाई केली नाही. शेवटी म्हटलं, “चला.” आवाज तिच्यासारखा निघाला नाही, पण गाडी हलली.